प्रश्नकर्त्याचे उत्तर

सॉक्रेटिसाविषयी आपल्याकडील सुशिक्षित माणसास दोन गोष्टी बहुधा ठाऊक असतात. तो भेटेल त्यास प्रश्न विचारीत असे ही एक, आणि न्यायसभेने ठरविलेला विषाचा प्याला त्याने शांतपणे प्राशन केला ही दुसरी. या दोन गोष्टी आपण एका दमात सांगतो आणि त्या एकाच माणसाच्या असल्यामुळे त्यांचा मेळ आपोआप बसत असावा असे गृहीत धरतो. परंतु किंचित विचार केला तर हा मेळ वाटतो तितका सोपा नाही असे दिसून येईल. एखादे मत केवळ वडिलांचे, सेनापतीचे किंवा कवीचे आहे एवढ्यावरून ज्याने ते कधी मान्य केले नाही, त्याने आपल्या नगराचा अन्याय्य निकाल मात्र का मानावा? प्रश्न विचारणारा सॉक्रेटीस खरा, की आज्ञा पाळणारा?

सॉक्रेटिसाने आपले तत्त्वज्ञान स्वतः लिहून ठेवले नाही. त्याच्याविषयी आपण जे बोलतो ते मुख्यतः प्लेटो व झेनोफन या दोघांच्या आधारे. वरील प्रश्न प्लेटोच्या दोन छोट्या ग्रंथांतून उभा राहतो. ‘अपॉलॉजी’ हे न्यायसभेपुढील सॉक्रेटिसाचे भाषण. ‘क्रायटो’ हा तुरुंगात जुन्या मित्राशी झालेला संवाद. पहिल्यात तो न्यायसभेस स्पष्ट बजावतो की, तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला मुक्त कराल तर मी तुमच्याऐवजी देवाची आज्ञा पाळीन. दुसऱ्यात, पळून जाण्याची सर्व सिद्धता मित्रांनी केलेली असताना तो नगराच्या कायद्यांचा पक्ष घेतो आणि मरणाची वाट पाहत तेथेच राहतो. या दोन प्रसंगांमध्ये काही आठवड्यांचेच अंतर आहे. जॉर्ज ग्रोट या इतिहासकाराने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्लेटोवरील ग्रंथात असे सुचविले की, ‘अपॉलॉजी’तील ताठर स्वरामुळे अथेन्सच्या नागरिकांचा जो ग्रह झाला असेल तो दूर करून सॉक्रेटिसाची राजनिष्ठा दाखवावी, हा ‘क्रायटो’चा हेतू असावा. हे स्पष्टीकरण चतुर आहे. परंतु ग्रंथकाराचा हेतू सांगितल्याने त्याने केलेला युक्तिवाद बरोबर की चूक याचा निर्णय होत नाही. वर्गात हे दोन ग्रंथ लागोपाठ वाचले की विद्यार्थी नेमके हेच विचारतात, आणि त्यांस हेतूची कथा सांगून वाटेस लावणे सॉक्रेटिसाच्या नावास शोभणारे नाही.

माझ्या मते या दोन ग्रंथांस जोडणारा दुवा एका तिसऱ्याच संवादात आहे. तो संवाद म्हणजे ‘लॅकीस’. त्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते, म्हणून प्रथम त्याचा परिचय करून देणे अवश्य आहे.

२

‘लॅकीस’ची सुरुवात अगदी घरगुती आहे. लायसिमेकस आणि मेलेसिअस हे दोन वृद्ध गृहस्थ नामवंत पित्यांचे पुत्र. पण स्वतः त्यांच्या हातून नाव घेण्यासारखे काही घडलेले नाही. राज्यकारभारात गढलेल्या आमच्या वडिलांनी आमच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केले, असे त्यांचे दुःख आहे. निदान आपल्या मुलांच्या बाबतीत तरी तसे होऊ नये म्हणून ते लॅकीस व निसिअस या दोन सेनापतींस सल्ला विचारतात: चिलखत घालून लढण्याची जी नवी विद्या एक जण शिकवीत आहे, ती मुलांस शिकवावी की नाही? दोन सेनापतींची दोन मते पडतात. तेव्हा तेथे असलेल्या सॉक्रेटिसास निकाल देण्याची विनंती होते.

सॉक्रेटीस निकाल देत नाही. बहुमताने ठरण्यासारखी ही गोष्ट नव्हे, असे तो आधीच सांगून टाकतो. मुलांच्या अंगी धैर्य यावे म्हणून ही विद्या शिकवावयाची. तर मग धैर्य म्हणजे काय, हे आपणांपैकी कोणास सांगता येईल? लॅकीसला हा प्रश्न अतिशय सोपा वाटतो. जो रांगेतील आपली जागा सोडीत नाही, शत्रूशी लढतो आणि पळत नाही, तो धीर पुरुष. शिपाईगड्याचे हे उत्तर सरळ आहे. सॉक्रेटीस त्यास विचारतो, सिथियन घोडेस्वार मागे हटता हटता लढतात, त्यांचे काय? प्लाटीआच्या रणांगणावर इ. स. पूर्व ४७९ मध्ये स्पार्टाचे लोक मागे सरले आणि शत्रूची फळी फुटताच उलटून विजयी झाले, ते भित्रे होते काय? म्हणजे केवळ जागा न सोडणे हे धैर्य नव्हे. मग लॅकीस म्हणतो, धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. पण चिकाटी मूर्खपणाचीही असू शकते. निसिअस म्हणतो, कशास भ्यावे आणि कशास भिऊ नये याचे ज्ञान म्हणजे धैर्य. तेही उत्तर तपासणीत टिकत नाही. शेवटी व्याख्या हाती लागत नाहीच. आपणां सर्वांसच, वयाची लाज न बाळगता, गुरूची गरज आहे असे सॉक्रेटीस म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लायसिमेकसच्या घरी येण्याचे कबूल करतो.

या संवादाचा रस केवळ वादाच्या कौशल्यात नाही. लॅकीस हा डेलिअमच्या पराभवात, इ. स. पूर्व ४२४ मध्ये, सॉक्रेटिसाबरोबर माघार घेत होता. सगळे सैनिक त्याच्यासारखे वागते तर अथेन्सची मान खाली गेली नसती, अशी साक्ष तो याच संवादात देतो. म्हणजे धैर्याचा जिवंत नमुना समोर बसलेला आहे, आणि तोच म्हणतो आहे की धैर्य म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. दुसरा कोणी असता तर आपल्या पराक्रमाची कथा सांगून मुलांस उपदेश करता. सॉक्रेटिसास ते पुरेसे वाटत नाही. ज्याचे कारण सांगता येत नाही, ते सद्वर्तनदेखील दुसऱ्यास देता येत नाही, अशी त्याची धारणा आहे. त्याच्या प्रश्नांचा नागरिकत्वाशी जो संबंध आहे तो हाच. ज्यांच्या शब्दावर नगराची मुले मरावयास जातात, त्या सेनापतींस आपण कशाच्या नावाने आज्ञा करतो हे सांगता आले पाहिजे. पुढे इ. स. पूर्व ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत या निसिअसने चंद्रग्रहणाचा अपशकुन मानून माघार लांबविली आणि सबंध सैन्याचा नाश ओढवला. ‘लॅकीस’ वाचणाऱ्या अथेनियन माणसास ही गोष्ट आठवल्यावाचून राहिली नसेल.

३

आता ‘अपॉलॉजी’कडे वळू. इ. स. पूर्व ३९९ मध्ये मेलीटस, अनायटस आणि लायकॉन यांनी सॉक्रेटिसावर खटला भरला. तो नगराच्या देवांस मानीत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांस बिघडवितो, असा आरोप होता. त्या वेळी तो ७० वर्षांचा होता. आरोपामागे राजकारणही होते. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सचा पाडाव झाल्यावर तीस जणांची जी जुलमी सत्ता आली, तिचा पुढारी क्रिटिअस हा एके काळी सॉक्रेटिसाच्या सहवासात वावरलेला होता. पुढील वर्षी लोकसत्ता परत आली व सार्वत्रिक क्षमा जाहीर झाली. पण मनातील सल गेला नव्हता. आय. एफ. स्टोन या अमेरिकन पत्रकाराने १९८८ साली लिहिलेल्या ग्रंथात लोकशाहीची ही बाजू हिरीरीने मांडली आहे, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. सॉक्रेटिसाने लोकसत्तेची भलावण कधी केली नाही हे खरेच आहे.

तथापि त्याच्या आचरणाचा हिशेब पाहिला तर तो कोणत्याच पक्षाच्या सोयीचा नव्हता असे दिसते. इ. स. पूर्व ४०६ मध्ये आर्जिन्युसी येथील आरमारी विजयानंतर, बुडत्या खलाशांस वाचविले नाही म्हणून सेनापतींवर लोक खवळले. त्या सर्वांचा निवाडा एकदमच करावा असा बेकायदा ठराव लोकसभेपुढे आला. त्या वेळी कार्यकारी मंडळात सॉक्रेटीस होता, आणि ‘अपॉलॉजी’त तो सांगतो त्याप्रमाणे त्या मंडळात विरोध करणारा तो एकटाच होता. सहा सेनापतींस मरणदंड झाला. मागाहून लोकांस पश्चात्ताप झाला. पुढे तीस जुलमी सत्ताधीशांनी सॉक्रेटीस व आणखी चार जणांस सॅलमिसच्या लिऑन नावाच्या गृहस्थास पकडून आणण्याची आज्ञा केली. चौघे गेले, सॉक्रेटीस आपल्या घरी निघून गेला. ती सत्ता लवकरच कोसळली म्हणून तो वाचला. घरी जाण्याऐवजी त्याने लिऑनला सावध का केले नाही, असे विचारता येईल, आणि या प्रश्नास ‘अपॉलॉजी’त उत्तर नाही. पण लोकसत्ता असो की जुलमी सत्ता असो, आपल्या हातून अन्याय घडू द्यावयाचा नाही, एवढी एक रेघ त्याने दोन्ही वेळी ओढलेली आहे.

आणि हे सर्व सांगताना तो जो दृष्टांत देतो तो लॅकीसचाच आहे. पॉटिडीआ, अँफिपोलिस आणि डेलिअम येथे तुम्ही निवडलेल्या सेनापतींनी मला जेथे उभे केले तेथे मी मरणाची पर्वा न करता उभा राहिलो. मग देवाने मला तत्त्वचिंतनाच्या जागी उभे केले असताना ती जागा मी भयाने सोडावी काय? ज्या व्याख्येचे त्याने ‘लॅकीस’मध्ये खंडन केले, तिचाच तो येथे आधार घेतो. हा विसंवाद नव्हे. जागा न सोडणे हे धैर्य तेव्हाच, जेव्हा ती जागा आपली का आहे हे तपासून पाहिलेले असते. डेल्फीच्या देववाणीने सॉक्रेटिसाहून शहाणा कोणी नाही असे सांगितले, तेव्हा त्याने ती देववाणीदेखील तशीच स्वीकारली नाही. मुत्सद्दी, कवी आणि कारागीर यांच्याकडे जाऊन तिची परीक्षा केली. सुस्त घोड्यास जागे ठेवणाऱ्या गोमाशीचे काम देवाने आपणांस दिले आहे, हा निष्कर्ष त्याने त्या परीक्षेनंतर काढला.

पण न्यायसभा ही त्याची जागा नव्हती. प्रश्नोत्तरांस सवड लागते आणि दोनच माणसे लागतात. येथे शेकडो श्रोते होते आणि एका दिवसात निकाल लागावयाचा होता. मरणाचे खटले अनेक दिवस चालविण्याची इतर नगरांतील रीत येथे असती तर तुमची खात्री पटविता आली असती, असे तो निकालानंतर म्हणतो. अवघी ३० मते इकडची तिकडे होती तर तो सुटला असता. प्रश्नांनी शिकविणाऱ्यास भाषण करावे लागले, आणि भाषण हरले.

४

‘क्रायटो’त याच्या उलट परिस्थिती आहे. डेलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत अथेन्समध्ये कोणासही मरणदंड देत नसत, त्यामुळे सॉक्रेटिसास थोडा अवधी मिळाला होता. पहाटेचा अंधार आहे. क्रायटो कोठडीत येऊन बसला आहे आणि मित्राची शांत झोप मोडवत नाही म्हणून स्वस्थ आहे. हे चित्र प्लेटोने चार ओळींत काढले आहे, पण ते विसरता येत नाही. येथे सवड आहे, माणसे दोनच आहेत, आणि समोरचा माणूस जन्मभराचा स्नेही आहे. क्रायटो आपली बाजू मांडतो: पैशाची व्यवस्था झाली आहे, थेसलीत आश्रय आहे, मुलांचे काय होईल, आणि आम्ही पैसा वाचविण्यासाठी मित्रास मरू दिले असे लोक म्हणतील. ही बाजू हलक्या मनाची नाही; प्रेमळ व व्यवहारी गृहस्थ असेच बोलेल.

सॉक्रेटीस आपल्या नेहमीच्या पद्धतीने आरंभ करतो. विचारांती जो युक्तिवाद मला सर्वोत्तम वाटतो त्याचेच मी ऐकतो, मग लोक काहीही म्हणोत. अन्यायाच्या बदल्यात अन्याय करावा काय? नाही, असे क्रायटो कबूल करतो. न्याय्य करार पाळावा की मोडावा? पाळावा. मग नगराची संमती न घेता येथून जाणे म्हणजे कोणास अपाय करणे आहे की नाही? या ठिकाणी क्रायटो थांबतो. मला उत्तर देता येत नाही, मला समजत नाही, असे तो म्हणतो.

सबंध संवादाचे मर्म या एका ठिकाणी आहे. आयुष्यभर सॉक्रेटिसाचे बोलणे ऐकलेला, एकेक पायरी मान्य केलेला हा सज्जन शेवटच्या पायरीवर अडखळतो. प्रश्न येथे थकतात. त्यानंतर लगेच अथेन्सचे कायदे मूर्तिमंत होऊन सॉक्रेटिसापुढे उभे राहतात आणि बोलू लागतात. प्रश्नकर्ता आता स्वतः उत्तर देणाऱ्याच्या जागी बसला आहे.

कायद्यांचे हे भाषण पुष्कळांनी सॉक्रेटिसाचे राजकीय तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारले आहे. माझ्या मते ते तसे स्वीकारणे घाईचे आहे. कायदे म्हणतात, आम्ही तुझे मातापिता, किंबहुना त्यांहून वंद्य. पण आईबाप सांगतील ते न्याय्यच असते काय, हा प्रश्न सॉक्रेटिसाने दुसऱ्या कोणास विचारल्यावाचून सोडला नसता. कायदे म्हणतात, तू येथे ७० वर्षे राहिलास, नगर आवडत नव्हते तर मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा होती, तेव्हा तू करार केलास. पण घरदार सोडून परमुलखात परका म्हणून राहण्याची ऐपत किती जणांस असते? झॅन्थिपीस किंवा एखाद्या गुलामास ही मुभा कोणी दिली होती? आणि रणांगणात, न्यायसभेत, सर्वत्र नगर सांगेल ते करावे असे कायदे म्हणतात, तेव्हा लिऑनला पकडावयास न गेलेला सॉक्रेटीस ते शब्दशः मान्य करील असे वाटत नाही. संवादाच्या शेवटी तो म्हणतो की, कोरिबांट उपासकांच्या कानांत पाव्याचा नाद घुमत राहावा तसे हे शब्द माझ्या कानांत घुमत आहेत आणि दुसरे काही ऐकू येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी ही उपमा विलक्षण आहे. प्लेटोने ती सहज घातली असेल असे मला वाटत नाही.

मग या भाषणात टिकण्यासारखे काय उरते? दोन गोष्टी उरतात. पहिली ही की, खटल्यात दोषी ठरल्यावर आरोपीने आपली शिक्षा सुचवावयाची असे, आणि त्या वेळी सॉक्रेटिसास हद्दपारी मागता आली असती. ती त्याने मागितली नाही. उलट मला नगरभवनात भोजनाचा मान द्यावा असे म्हटले, आणि शेवटी मित्रांच्या जामिनावर ३० मिनांचा दंड सुचविला. जे नगराच्या संमतीने करता आले असते ते उघडपणे नाकारून आता रात्री वेष पालटून करावयाचे, हे त्याच्या सगळ्या बोलण्यास हरताळ फासणारे ठरले असते. थेसलीतील मेजवान्यांत बसून तो सद्गुणांविषयी कोणास काय विचारणार होता? दुसरी गोष्ट म्हणजे कायद्यांनी ठेवलेला पर्याय: नगराची आज्ञा पाळ, नाही तर न्याय्य काय आहे ते नगरास पटवून दे. रिचर्ड क्रॉट या अभ्यासकाने १९८४ साली या पर्यायाचा उदार अर्थ लावला आणि प्रामाणिकपणे पटविण्याचा प्रयत्न करणाऱ्या नागरिकास आज्ञाभंगासही त्यात जागा आहे असे प्रतिपादन केले. शब्दांवर इतका भार टाकता येईल की नाही याविषयी मतभेद होईल. परंतु या पर्यायाची एक बाजू टीकाकारांनी फारशी पाहिलेली नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. पटवून दे असे जो म्हणतो, त्याने ऐकून घेण्याचे वचन दिलेले असते. नागरिकावर जितके बंधन येते तितकेच ते नगरावरही येते. अथेन्सने आपल्या बाजूचे वचन एका दिवसाच्या घाईत पाळल्यासारखे केले. सॉक्रेटिसाने आपल्या बाजूचे पूर्ण पाळले. कायदेच त्यास अखेरीस सांगतात की, तुझ्यावर अन्याय झाला तो आमच्याकडून नव्हे, माणसांकडून.

५

याप्रमाणे पाहिले असता दोन सॉक्रेटीस उरत नाहीत. अन्याय करावयाचा नाही, म्हणून तो तत्त्वचिंतन सोडण्याची अट झुगारतो. अन्याय करावयाचा नाही, म्हणूनच तो तुरुंगाचे दारही ओलांडत नाही. दोन्ही वेळी तो आपली जागा सोडीत नाही, आणि दोन्ही वेळी ती जागा आपली का, हे तो आधी विचारून घेतो. ‘लॅकीस’मध्ये जी व्याख्या शब्दांनी पुरी झाली नाही ती पुरी करण्यास त्यास आयुष्याचा शेवट खर्ची घालावा लागला. क्रायटोस जे समजले नाही ते त्याने राहून दाखविले. ही पद्धतीची मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्नांनी माणूस जागा होतो. पण शेवटची पायरी चढावयाची ती ज्याची त्यानेच, आणि कित्येकदा ती पायरी विचारणाऱ्याने स्वतः चढून दाखविल्यावाचून इतरांस दिसत नाही.

या दोन ग्रंथांचा आपल्या देशाशी एक खरा संबंध आलेला आहे. गांधीजींनी १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारांश क्रमशः छापला आणि सॉक्रेटिसास सत्यवीर म्हटले. १९१० साली मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्य’बरोबर या पुस्तिकेवरही बंदी घातली. तेवीसशे वर्षांपूर्वीचे एक भाषण सरकारास धोक्याचे वाटावे, ही ‘अपॉलॉजी’ची मोठीच थोरवी म्हटली पाहिजे. ‘क्रायटो’वर बंदी घालावी असे मात्र कोणत्याही सरकारास वाटले नसते, तो प्रजेने पाठ करावा असेच वाटले असते. पण १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी आरोप कबूल करून कमाल शिक्षा मागितली, तेव्हा त्या वागण्यात ‘अपॉलॉजी’चा बाणेदारपणा आणि ‘क्रायटो’चा स्वीकार हे दोन्ही एकत्र आलेले दिसतात. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिताना मार्टिन ल्यूथर किंग यांनीही सॉक्रेटिसाचे नाव घेऊन हेच सांगितले: अन्याय्य कायदा मोडावयाचा तर तो उघडपणे, आणि शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून.

सत्तेस एकटा ‘क्रायटो’ आवडतो आणि तरुणांस एकटे ‘अपॉलॉजी’. दोन्ही एकत्र वाचणे दोघांसही जड जाते. मुलांनी प्रश्न विचारावेत असे आपण घरांतून आणि विद्यालयांतून मोठ्या हौसेने म्हणतो; पण त्या प्रश्नांपुढे आपणही उत्तरास बांधलेले आहोत हे क्वचितच मान्य करतो. लायसिमेकस आणि मेलेसिअस यांनी आपल्या मुलांसाठी गुरू शोधला, आणि सॉक्रेटिसाने त्यांस सांगितले की गुरूची गरज प्रथम तुम्हांस आणि मला आहे. ते ऐकून त्या वृद्धांस राग आला नाही; उद्या सकाळी ये, असे त्यांनी त्यास आग्रहाने सांगितले. अथेन्सची न्यायसभा या दोन सामान्य गृहस्थांइतकी समंजस असती, तर ‘क्रायटो’ लिहिण्याची पाळीच प्लेटोवर आली नसती.